वावराशेजारची बारा घरं

वर्धा,
चैत्र शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,

तुझा नकाशा दोनदा पाहिला. बारा घरं, मधे चौक, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, ओसऱ्या वावराकडे तोंड करून. कागदावर देखणा आहे. पण तू घरं काळ्या रानात मांडलीस आणि बरडावर भाजीपाला. नेमकं उलट कर. भारी जमीन कपाशी-तुरीला राहू दे, घरं मुरमाड बरडावर ने.

प्रश्न नुसत्या पिकाचा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिच्या भेगेत हात जातो. घराखालची माती ओल धरून बसते, कडेची वाळून खचते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरपी चीर जाते. सिमेंट वाढवून ती थांबत नाही. काही घरं काळ्या मातीवर आलीच, तर मुरूम किती खोल आहे त्यावर पाया ठरव. तीन-चार फुटांवर लागला, तर चरातली काळी माती सगळी उपसून पाया मुरमावर टेकव. जोत्यातला भरावही मुरमाचाच, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा. उपसलेली काळी माती परत जोत्यात जाऊ देऊ नकोस. ती तिथंच पडलेली असते, म्हणून ठेकेदाराला मोह होतोच. मुरूम खोल असला, तर खाली फुगीर बोंड असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, साधारण साडेतीन मीटर खोल. घराभोवती तीन फुटांची फरशी, उतार बाहेरच्या बाजूला. आणि भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा नको, रोज घातलेलं पाणी पायालाच जातं.

आता वारा. पावसाळ्यात तो पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, आणि फवारणीही त्याच महिन्यांत असते. म्हणून घरं वावराच्या पश्चिमेला, गोठा न् शेणखड्डा पूर्वेला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. तू मात्र पोरांचा झोपाळा कपाशीच्या धुऱ्यावर, अगदी बांधालाच, काढलास! मधे निदान वीस मीटर जागा सोड, तिथं बांबू आणि शेवगा लाव. फवारणीचा पंप धुवायची जागा विहिरीपासून दूर, ठरवून दिलेली असावी.

पांदण, म्हणजे वावरात जायची वाट, तुझ्या चौकातूनच जाते आहे. ट्रॉली लावलेल्या ट्रॅक्टरला पंधरा फूट रुंदी आणि वळायला मोकळी जागा हवी. सोयाबीनची मळणी निघाली की कुटाराचा, म्हणजे भुशाचा, धुरळा आठ-दहा दिवस उडतो. त्या दिवसांत ओसरीवर चहा घेणाऱ्यांनी तक्रार करायची नाही, हे घर घेतानाच लिहून घे. शेतीची वीज कधी कधी रात्रीची मिळते. मोटार सुरू करायला माणूस रात्री जाईल, बॅटरीचा उजेड पडेल, कुत्री भुंकतील.

पाण्याचा हिशेब तू सरासरीवर केलास. सरासरीनं मे महिना निघत नाही. अठ्ठेचाळीस माणसं, माणशी शंभर लिटर, म्हणजे दिवसाला ४,८०० लिटर; यात कूलर धरलेच नाहीत. मोठा कूलर रखरखीत उन्हात तासाला दहा लिटरच्या आसपास पाणी पितो. बारा कूलर दहा तास चालले, की आणखी १,२०० लिटर, आणि तेही विहिरीनं तळ गाठलेला असताना. म्हणून आधी घरच थंड कर: लांब भिंती उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेला खिडकी नाही, वर कवेलू किंवा पांढरा चुना मारलेला स्लॅब, दोन घरांत एक भिंत. सेवाग्रामची बापूकुटी मे महिन्यात दुपारी दोन वाजता जाऊन पाहा, नकाशे काढणाऱ्यांनी तिथं त्याच वेळी जावं. छताचं पाणी टाकीत घे. शंभर चौरस मीटर छतावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-उडाण वजा जाता ऐंशी हजार लिटर हाती लागतात. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी मात्र बाहेर सोड, ते छत धुऊन येतं.

सांडपाणी गाळायला कर्दळीचा वाफा चालेल, माणशी दीड चौरस मीटर धर. ते पाणी संत्र्याला देऊ नकोस. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियमनं काळी माती चिकट, घट्ट होते आणि निचरा मरतो. बांबूला नाही तर नेपियर गवताला दे. संडासाला दोन शोषखड्डे, आळीपाळीनं वापरायचे, विहिरीपासून पंधरा मीटर लांब. काळी माती पाणी शोषत नाही, म्हणून खड्ड्याभोवती फूटभर जाड वाळू-मुरमाचा वेढा. गोबर गॅसवर बारा चुली पेटायच्या नाहीत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे पाच जनावरं, आणि त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. सामायिक स्वयंपाकघराच्या चहापुरता ठेव.

कागदपत्रं वकिलाकडून तपासून घे. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, बिगरशेतकऱ्याच्या नावावर शेत सरळ चढत नाही. घरांपुरता तुकडा अकृषक, म्हणजे बिगरशेती, करायचा, वावर वेगळंच ठेवायचं आणि एकाच शेतकऱ्याशी लेखी करार करायचा. बारा मालकांनी बारा सूचना दिल्या, तर तो पुढच्या मृगाला यायचा नाही.

मे संपायच्या आत जागेवर तीन ठिकाणी सहा-सहा फुटांचे खड्डे खणून घे. मुरूम किती फुटांवर लागला ते प्रत्येक खड्ड्याजवळ खुंटी ठोकून लिही, आणि मला कळव. नवा नकाशा त्यानंतर काढू.

तुझा,
जुना मित्र