मंत्रिमहोदय, आमचे बोल्ट तुटले; तुमचं केंद्र कुठे अडलंय?

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमचा १२.९ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टचा अख्खा लॉट परत आला. माप बरोबर, हार्डनेस बरोबर. गिऱ्हाइकाने संध्याकाळी आवळले, सकाळी डोकी खाली पडलेली! ॲसिडच्या धुण्यात आणि झिंक प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, ताण आला की एका जागी गोळा होतो आणि चिवट माल काचेसारखा तडकतो. २०० अंशांच्या आसपास काही तास भाजून तो काढतात, आम्हीही काढतो. पण आत किती उरला, हे बघायचं कशावर? ताणाखाली २०० तास धरायच्या चाचणीसाठी नमुने पुण्याला न्या, रांगेत थांबा. गिऱ्हाइकाची पैसे कापल्याची डेबिट नोट मात्र दुसऱ्याच दिवशी आली. पगार कसा करायचा, ते तुम्हीच सांगा.

वाळूजच्या स्टेजवरून आपण शब्द दिला होता: मराठवाड्याला धातू चाचणी आणि संशोधन केंद्र. हार घातला, टाळ्या वाजवल्या, पुढे काय?

तोच हायड्रोजन आता इंधन म्हणून हवाय. जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशनला (स्वच्छ विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा) १९,७४४ कोटी मंजूर झाले. त्यात संशोधनाला ४०० कोटी. शंभरातले दोन रुपये! केंद्र सरकारची योजना म्हणून हात झटकू नका, फोटो तुमचेही लागतात. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन करणार म्हणे. तो वाहून नेणार कशातून? पाइपात दाब चढ-उतर झाला की धातू थकतो, आणि हायड्रोजन असला की भेग कितीतरी वेगाने पळते. निकेलवालं ३१६एल स्टेनलेस स्टील बरंच टिकतं, पण त्याचा भाव विचारून बघा. व्हॅनेडियम, नायोबियम या धातूंचे कार्बनशी जुळलेले बारीक कण (कार्बाइड) पोलादात तयार करून हायड्रोजनला तिथेच अडकवायचं, यावर जगभर काम चाललंय. आमच्या जालन्यात भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत, शिकलेली पोरं आहेत. ती पोरं चाकणला नोकरी शोधतात.

डब्ल्यू. एच. जॉन्सनने हायड्रोजनने पोलाद ठिसूळ होण्याचा हा रोग १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. दीडशे वर्षं झाली. तुमच्या खात्यात अजून ‘अभिप्रायार्थ सादर’ असेल.

आणि पाणी? किलोभर हायड्रोजनला निदान नऊ लिटर लागतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, ते लोक विसरलेले नाहीत. मागास भागासाठीच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हापासून मराठवाडा विकासात किती मागे राहिला, तो अनुशेष मोजायचीही कटकट गेली. घोषणा मात्र दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ताज्या.

तुटलेले दोन बोल्ट सोबत पाठवतोय. केंद्र होत नसेल तर पुढच्या भूमिपूजनाच्या स्टेजला वापरा.

आपला,
एक लघुउद्योजक, वाळूज