घाटात आमच्यासाठी थांबलेल्या ट्रकचालक काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे नाव आम्हाला ठाऊक नाही. ते विचारण्याचे भान त्या दुपारी आम्हा दोघांनाही राहिले नाही, आणि घाट संपल्यावर तुम्ही खिडकीतून हात दाखवून फाट्यावर वळलात तेव्हा ट्रकचा क्रमांक टिपून घ्यावा, हेही सुचले नाही. म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे. ते तुमच्यापर्यंत किंवा तुम्हाला ओळखणाऱ्या कोणापर्यंत पोहोचावे, एवढीच इच्छा आहे.

लग्नानंतर प्रथमच आम्ही दोघे स्वतःच्या गाडीने, पूर्वी कधी न पाहिलेल्या एका समुद्रकाठच्या गावी सुट्टीसाठी निघालो होतो. तयारीत कसूर ठेवलेली नाही, असा माझा समज होता. निघण्याच्या दिवशी पहाटे टायर थंड असतानाच हवा मोजली, कारण गाडी पळून टायर तापले की आकडा वाढलेला दिसतो. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचून तो कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात तयार झाला, हेही पाहिले. स्टेपनीत हवा भरली, आणि रेंज मिळणार नाही म्हणून नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला. त्या नकाशाने अंतर आणि वेळ सांगितली. उताराबद्दल तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारले नाही. सपाट रस्त्यांवर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला धास्ती वाटते ती चढाची. उतरताना काय, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे, असे मी धरून चाललो होतो.

उतार सुरू होऊन दहा-बारा मिनिटे झाली असतील. तुमचा माल भरलेला ट्रक आमच्या पुढे संथपणे चालला होता आणि त्या संथपणाचा मला राग येत होता. पत्नीने काहीतरी जळल्याचा वास येत असल्याचे सांगितले, तेव्हा हा वास पुढच्या ट्रकचा आहे, असे मी तिला छातीठोकपणे सांगितले. थोड्या वेळाने तिने काच वर-खाली करून पाहिली आणि वास आपल्याच गाडीचा असल्याची शंका बोलून दाखवली. त्यावर मी जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. काका, माझ्या ब्रेकचा वास मी तुमच्या ट्रकच्या नावावर खपवला. आभार मानण्याआधी त्याची क्षमा मागणे मला आवश्यक वाटते.

रस्ता जरा रुंद होता तेथे तुम्ही वेग कमी करून हाताने थांबण्याची खूण केलीत. तुम्ही पुढे जायला वाट देत आहात, असे मला वाटले होते. गाडी थांबवताना ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा कितीतरी खाली गेले आणि मऊ लागले, तेव्हा मात्र हातापायांतले बळच गेले. प्रत्येक वळणाआधी आमच्या गाडीचे नाक खाली झुकताना तुम्हाला आरशात दिसत होते आणि शेवटच्या दोन वळणांवर पुढच्या चाकापाशी धूर दिसला, हे तुम्ही नंतर सांगितलेत. स्वतःचा लादलेला ट्रक त्या उतारावर सांभाळत असताना मागच्या अनोळखी गाडीचे नाक कसे झुकते आहे याकडे लक्ष ठेवणारा माणूस आम्हाला पुढे भेटला होता, याचे आजही नवल वाटते.

त्यानंतरचा पाऊण तास आम्हा दोघांच्या पक्का लक्षात आहे. तुम्ही प्रथम चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवलात, गाडी त्याला टेकू दिलीत आणि मगच गिअर ‘पी’मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये, टाकायला सांगितलेत. हँडब्रेक मात्र ओढू दिला नाहीत, कारण ब्रेक इतके तापलेले असताना ते आवळून ठेवू नयेत. मी पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे धावलो, तेव्हा तुम्ही माझे मनगट धरलेत. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडले तर ती वाकडी होऊ शकते, तिला तडाही जाऊ शकतो, हे तुम्ही शांतपणे समजावलेत. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचा काळपट रंग पाहिलात आणि ते शेवटचे कधी बदलले, असे विचारलेत. मला उत्तर देता आले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर वाचून शोधले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे नवे, कोरडे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. ही उष्णता किती असते याचा मी हिशेबही मांडून पाहिला. माणसे आणि सामान धरून १,४०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्या ऊर्जेत साधे २४ लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनाची मदत न घेता मी ती जवळजवळ सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतत होतो.

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअरच्या दांड्याजवळचे ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) हे अक्षर मी तीन वर्षे पाहत आलो होतो आणि त्याचा उपयोग कधी विचारला नव्हता. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरते, हे तुम्ही सांगितलेत. ब्रेक हलके धरून ठेवण्याऐवजी थोडा वेळ नीट दाबावेत आणि पूर्ण सोडून द्यावेत, म्हणजे त्यांना निवायला अवसर मिळतो, हेही सांगितलेत. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरावे की काय, असेही मी विचारून बसलो. तुम्ही हसलात, पण रागावला नाहीत. आजच्या गाड्यांमध्ये गिअर तसाच ठेवून पाय उचलला की उतारावर इंधनाची फवारणी बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे माझा तो हिशेबही उलटाच होता.

ब्रेक निवल्यावर गाडी जागच्या जागी दोन-तीनदा हलवून, पेडल पुन्हा घट्ट झाल्याची तुम्ही खात्री करून घेतलीत. मग, “आता खाली कोण चालवणार?” असा प्रश्न माझ्याकडे न पाहता केलात. वास ज्यांना आधी आला त्यांनीच चालवावे, हेही वर सांगितलेत. पत्नी स्टिअरिंगवर बसली आणि मी शेजारी गप्प बसलो. (हे गप्प बसणे एकूण प्रवासातले माझे सर्वांत मोलाचे योगदान होते, असे तिचे मत आहे.) तुम्ही पुढे राहून, प्रत्येक मोठ्या वळणाआधी इंडिकेटर देत, आम्हाला पायथ्यापर्यंत उतरवलेत. पेडल पुन्हा मऊ लागले असते तर आम्ही लगेच बाजूला घेऊन थांबणार होतो, पण तशी वेळ आली नाही. मघाशी ज्या संथपणावर मी चिडलो होतो, तोच आता आमच्या गाडीचा वेग होता आणि तिचे नाक एकदाही झुकले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाके उघडली, तेव्हा पुढच्या ब्रेक पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला निघाला. पॅड आणि ऑइल दोन्ही बदलून घेतले. समुद्र फार सुंदर होता, पण त्याचे वर्णन तुम्हाला लिहून काय करू? चार दिवस पाण्यात पाय बुडवून बसलो आणि त्या चार दिवसांत तुमचा विषय निघाला नाही असा एकही दिवस गेला नाही.

एक गोष्ट राहिली. निघण्याच्या गडबडीत तुमचा लाकडी ठोकळा मी उचलून आमच्या डिकीत टाकला. घरी सामान उतरवताना तो सापडला. एका बाजूला झिजलेला आणि तेलाने काळा पडलेला तो ठोकळा बरीच वर्षे तुमच्याजवळ असावा. तो गेल्याने तुमची अडचण झाली असेल, याची आम्हाला जाणीव आहे. हे पत्र तुमच्या वाचनात आले, तर आमच्यासाठी जेथे थांबला होतात त्या रुंद जागेवरच्या पांढऱ्या दगडावर वेड्यावाकड्या अक्षरांत काय लिहिले होते, तेवढे कळवा. आम्ही ओळखू आणि ठोकळा घेऊन तुम्ही सांगाल तेथे येऊ. गाडी पत्नी चालवील.

आपले कृपाभिलाषी,
चाकाकडे पाण्याची बाटली घेऊन धावलेला तो आणि वास ओळखणारी ती