पेशंटबरोबर कोण आहे?

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

साडेतीन महिन्यांपूर्वी एका रात्री माझ्या मोठ्या आतड्याला पीळ पडला. आधी वाटलं, गॅस धरलाय. दोन तासांत पोट नगाऱ्यासारखं टणक झालं आणि मला उभंही राहवेना. बायकोने शेजारचं दार वाजवलं, त्यांच्या मुलाने गाडी काढली. अपघात विभागात स्ट्रेचरवर पडल्या पडल्या जो पहिला आवाज कानावर आला तो असा : "पेशंटबरोबर कोण आहे?"

पुढचे बारा दिवस हा प्रश्न मी ऐकत होतो. सही करायला कोण आहे, औषधं आणायला कोण आहे, रक्ताच्या पिशव्या आणायला कोण आहे, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलायला कोण आहे. दर वेळी कुणीतरी "मी आहे" म्हणत पुढे झालं. आपल्याला हे पत्र लिहितोय ते त्या 'कुणीतरी'बद्दल. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी मला वाचवलं.

काय केलं तेही सांगतो. आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग स्वतःभोवती पिळला जातो, रक्त पोचेनासं होतं आणि तो भाग काळा पडतो. तो कापून टाकायचा, खालचं टोक शिवून बंद करायचं आणि वरचं टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून तिथे पिशवी लावायची. आंरी हार्टमन या फ्रेंच सर्जनने १९२१ साली ही पद्धत कर्करोगाच्या रुग्णांसाठी मांडली होती. माझ्यासारख्या तातडीच्या वेळी ती आजही कामाला येते. सगळं सुरळीत झालं तर काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून आतडं परत जोडतात.

मला दोन पिशव्या रक्त लागलं. लाल पेशी थंड ठेवल्या तरी फार तर ४२ दिवस टिकतात. म्हणजे मी धडधाकट हिंडत होतो, तेव्हाच दोन अनोळखी माणसांनी माझ्यासाठी बाही वर केली होती. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

आता खाटेशेजारच्या खुर्चीकडे येतो. प्लास्टिकची, बिनहाताची. तिच्यावर बायकोने पाच रात्री काढल्या आणि माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने चार. उरलेल्या रात्री धाकटी बहीण होती. या सहकाऱ्याशी माझं वर्षानुवर्षं नीट पटत नव्हतं. तो आपणहून आला, चप्पल खाटेखाली सारली आणि म्हणाला, "झोपा तुम्ही, मला नाहीतरी झोप येत नाही." तिसऱ्या दिवशी मला पहिल्यांदा चालवलं ते यानेच. एका हातात युरिनची पिशवी, दुसऱ्या हातात सलाइनचा स्टँड, आणि माझा दंड धरायला तिसरा हात त्याने कुठून आणला देव जाणे. दारापर्यंत अकरा पावलं. परत येताना तो मोजत होता आणि मी शिव्या देत होतो.

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर राउंडला आले की एकच विचारतात : वारा सरला का? आतडं जागं झाल्याची ती खूण. माझ्या बाबतीत वारा सरायचा मार्गच बदललेला होता. चौथ्या दिवशी पहाटे बायकोने पांघरूण बाजूला केलं तर पोटावरची पिशवी फुग्यासारखी फुगलेली. "फुगली!" असं ती एवढ्या मोठ्याने ओरडली की अख्खा वॉर्ड जागा झाला. समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी उशीवरून मान उचलून मला नमस्कार केला. लग्नानंतर इतका आनंद मी तिच्या तोंडावर क्वचितच पाहिला असेल.

(भेटायला येणारे वेगळे आणि सोबतीला येणारे वेगळे, हेही तेव्हाच कळलं. भेटायला येणारे टाक्यांना धक्का लागेल असे खाटेवर बसतात आणि असंच होऊन गेलेल्या आपल्या चुलतभावाची गोष्ट सांगतात.)

बाराव्या दिवशी सुट्टी मिळाली. संध्याकाळचे चार वाजले होते, खाट दुसऱ्याला हवी होती. ते मला मान्य आहे. पण पिशवी कशी बदलायची, हे एका सिस्टरने मार्गिकेत उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगितलं. तिच्या हातात आणखी चार फायली होत्या, तिलाही दोष देववत नाही. डिस्चार्ज कार्डावर यातलं अक्षरही नव्हतं. होती ती औषधांची यादी आणि इंग्रजी आद्याक्षरांची एक ओळ. तिचा अर्थ आम्हाला अजून लागलेला नाही.

घरी दुसऱ्या रात्री दोन वाजता पिशवी गळली. अंथरूण, कपडे, टाक्यांवरची पट्टी, सगळं खराब झालं. बायकोचे हात थरथरत होते. पिशवीच्या चिकट चकतीला भोक पाडून ती आतड्याच्या तोंडाभोवती बसवायची असते. तिने अंदाजाने पाडलं आणि मोठं झालं. उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ लागत राहिला, आणि चार दिवसांत तिथली कातडी सोलवटली. खुद्द त्या तोंडाला हात लावला तरी दुखत नाही. ओठाच्या आतल्या बाजूसारखं ते लाल आणि ओलं असतं. आग होते ती भोवतालच्या कातडीची.

ही गोष्ट शेवटी आम्हाला शिकवली ती समोरच्या खाटेवरच्या त्याच आजोबांनी, व्हिडिओ कॉलवर. त्यांनी स्वतः आठ महिने पिशवी वागवली होती. भोक तोंडापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं. पहिले सहा-आठ आठवडे सूज उतरते, तोंड लहान होत जातं, म्हणून दर आठवड्याला नव्याने माप घ्यायचं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, पूर्ण भरायची वाट पाहिली तर वजनाने चकती सुटते. एवढंच. वीस मिनिटांचं शिक्षण. ते एका रुग्णाने दुसऱ्याला दिलं, आणि तेही आमच्या खाटा समोरासमोर पडल्या म्हणून.

मंत्रिमहोदय, डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९७ मध्ये मांडलं की दुखणं नीट आवरलं, लवकर चालवलं आणि लवकर तोंडाने खायला दिलं, तर रुग्ण लवकर सावरतो. तेव्हापासून जगभर रुग्णालयातला मुक्काम कमी करण्याकडे कल आहे, आणि ते चांगलंच आहे. पण मुक्कामाच्या त्या कमी झालेल्या दिवसांत जी कामं पूर्वी परिचारिका करायच्या, ती हवेत विरलेली नाहीत. ती घरी आली आहेत. ड्रेसिंग, पोटाच्या कातडीखाली टोचायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन, ताप मोजणं, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरणं, उठवताना आधी कुशीवर वळवून पाय खाली सोडायला लावणं. ही सगळी कामं आज अशा माणसांच्या हातात आहेत ज्यांना कुणी काही शिकवलेलं नाही आणि ज्यांची कुठे नोंदही नाही. आणि हा काळ काही किरकोळ नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत दगावतात.

म्हणून माझं मागणं नव्या इमारतीचं नाही. घरी जे काम करावं लागणार आहे, ते सोबतच्या माणसाने परिचारिकेसमोर एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय रुग्णाला सुट्टी देऊ नये, असा नियम करा. कार्डावर रुग्णाच्या भाषेत चार ओळी लिहा : काय झालं तर थांबायचं, काय झालं तर धावत यायचं. एक फोन नंबर द्या, रात्री दोन वाजताही माणूस उचलेल असा. आणि खाटेशेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची.

दुसरं मागणं रजेचं. माझ्या बहिणीची रजा सहाव्या दिवशी संपली, सहकाऱ्याने तर रात्री जागून दिवसा कामावर हजेरी लावली. आजारी माणसाला आजारपणाची रजा असते, त्याला उठवून बसवणाऱ्याला कसली रजा मिळते? जपानमध्ये घरच्या एका आजारी माणसामागे ९३ दिवसांपर्यंत रजा घेता येते, तीही तुकड्यांत. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार वर्षाला निदान पाच दिवस मिळायला हवेत. पाच दिवससुद्धा थोडे नाहीत. ज्या पाच रात्री बायको त्या खुर्चीवर होती, त्या पाचच होत्या.

आता जे मला सगळ्यांत जास्त डाचतंय ते. खिडकीजवळच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन. "पेशंटबरोबर कोण आहे?" अशी हाक आली की ते भिंतीकडे तोंड करायचे. त्यांची औषधं कधी माझ्या बायकोने आणली, कधी वॉर्डबॉयने, कधी ती आलीच नाहीत. त्यांना माझ्या दोन दिवस आधीच सुट्टी मिळाली होती, पण न्यायला कुणी नाही म्हणून ते तसेच पडून होते. मी निघालो तेव्हाही तिथेच होते. त्यांच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या नावाच्या जागी आडवी रेघ मारलेली मी पाहिली आहे. मला शेजारी होते, बहीण होती, न पटणारा का होईना सहकारी होता. हे माझं नशीब होतं, आणि तुमची व्यवस्था ते प्रत्येकाला असणारच असं धरून चालली आहे. त्या रेघेच्या जागी सरकारने नेमलेल्या, पगार मिळणाऱ्या मदतनिसाचं नाव यायला काय अडचण आहे, ते मला समजावून घ्यायचं आहे.

पुढच्या महिन्यात आतडं जोडायला मी पुन्हा भरती होतोय. बायकोने आज ऑफिसात रजेचा अर्ज दिला. बिनपगारी. सहकाऱ्याचा सकाळी फोन आला होता, रात्रीच्या पाळ्या त्याने परस्पर ठरवूनही टाकल्या आहेत. या वेळी तो येताना घडीची खुर्ची घेऊन येणार आहे, वॉर्डात तिला परवानगी आहे का, एवढं कृपया कळवावं.

आपला,
एक रुग्ण