सुपरमॅनला उगाच उदास करू नका

महोदय,

सुपरहिरोचा चित्रपट नव्याने करायचा म्हटले, की नायकाला आधी चिडका, गंभीर आणि एकलकोंडा करून टाकायची रीत पडली आहे. बॅटमॅनला ते शोभते. डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून पाहिलेला माणूस तो. सुपरमॅनचे तसे नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेतकरी जोडप्याने त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले. त्याचा भलेपणा त्या घरातून आला, अंगातल्या ताकदीतून नव्हे. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९७८ च्या चित्रपटात सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह झाडावर अडकलेले मांजर उतरवून एका लहान मुलीच्या हातात देतो, तेही किती मनापासून! त्याच चित्रपटात तो चष्मा काढून नुसती पाठ ताठ करतो आणि बावळट क्लार्क केंट (सुपरमॅनचे रोजच्या जगण्यातले रूप) क्षणात दुसराच माणूस दिसू लागतो. २०१३ च्या नव्या मांडणीत मात्र शहर कोसळत राहिले आणि शेवटी नायकाने खलनायकाची मान मोडली. तो चित्रपट पाहून सीताबर्डीहून घरी येताना माझा नऊ वर्षांचा मुलगा वाटभर गप्प होता.

२०२५ च्या चित्रपटात हाच नायक धुमश्चक्रीत एका खारीला वाचवतो, ते पाहून फार बरे वाटले. पुढच्या भागांतही लेखकांनी हे सोडू नये. त्याला चुकू द्या, हरू द्या, रडूही द्या. पण दयाळू असल्याची लाज वाटायला लावू नका.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर