अण्णा, ती स्कोअरची वही अजून माझ्याकडे आहे

तीर्थस्वरूप अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासमोर बसून मला हे कधीच बोलता आलं नसतं. तुम्ही "पुरे गं" म्हणून चहा टाकायला उठला असतात.

लग्न होऊन नागपुरात आले त्याला वीस वर्षं उलटून गेली. इथे कुणी विचारलं, तुमचा संघ कोणता, तर मी मुंबई म्हणते आणि समोरचा मुंबई इंडियन्स धरून चालतो. नाही हो, रणजीची मुंबई, देशांतर्गत चार-पाच दिवसांच्या सामन्यांतली. "रणजी कोण बघतं?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. तेव्हा मला तुम्ही आठवता. कापडी पिशवी, त्यात पाण्याची बाटली, पोळी-भाजीचा डबा आणि दोनशे पानी चौकटींची वही.

मे १९९१. बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आई दिवसभर त्यांच्यापाशी, धाकट्याला मामाने नेलेला. मी अकरा वर्षांची, आपल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एकटी. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "चल, फायनल आहे. चपला घाल." मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, मुलीला कुठे उन्हातान्हात नेता, ती काय करणार तिथे? तुम्ही म्हणालात, "स्कोअर लिहील." झालं. पोस्टातली हक्काची रजा तुम्ही गावच्या आंब्यांसाठी राखून ठेवली होती, हे मला आईने फार वर्षांनी सांगितलं.

गिरगावातून ठाकूरद्वार ओलांडून मरीन लाइन्स, तिथून रुळांच्या कडेकडेने वानखेडे. पाच दिवस आपण तो रस्ता चाललो. चालताना तुम्ही सांगत होतात. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा वेळा करंडक मुंबईकडे. त्यातल्या शेवटच्या फायनलला मद्रासला चेपॉकवर फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकरांनी १६ धावांत आठ गडी घेतले आणि सामना तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर संपला. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानावरच वाढला आणि बॅट्समनच्या ओंजळीतून कॅच काढावा तसा कॅच काढायचा. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण ही सगळी माणसं आपल्यासारख्याच खोल्यांतून आलीत, हे कळलं. शिवलकरांनी ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. मार्च २०२५ मध्ये ते गेल्याची बातमी वाचली आणि मला तो रस्ताच आठवला.

आधी तुम्ही मला लिहायला शिकवलंत. निर्धाव चेंडूला टिंब. सहाही चेंडू निर्धाव गेले तर टिंबं जोडून इंग्रजी एम. गडी बाद झाला की गोलंदाजाच्या रकान्यात फुली. फायनल हरियाणाशी, पहिले दोन दिवस त्यांचीच फलंदाजी लिहीत बसलो. दीपक शर्मा १९९ वर बाद झाला तेव्हा मला हायसं वाटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी रागावून बघितलं तर म्हणालात, "एकशे नव्याण्णव आहेत पोरी, कुणाच्याही असोत." हरियाणा ५२२, आपण ४१०, मग हरियाणा २४२. शेवटच्या दिवशी आपल्याला ३५५ हव्या होत्या.

आणि रोज संध्याकाळी भेटायच्या वेळेला तुम्ही मला दवाखान्यात न्यायचात. बाबा फारसे बोलत नव्हते. आईच्या डोळ्यांखाली काळं. काय बोलायचं ते मला सुचायचं नाही आणि तुम्ही खाटेशेजारी स्टूल सरकवून म्हणायचात, "वाचून दाखव." मग मी वही उघडून वाचायचे, कुणी किती, कुणाच्या चेंडूवर, कुणी झेल घेतला. बाबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच बोट हलवून विचारायचे, "कपिलची किती षटकं?" ऑपरेशननंतरचं त्यांचं पहिलं धड वाक्य ते होतं, अण्णा. वहीत बघून मी आकडा सांगितला.

तो शेवटचा दिवस मी कितीदा कुणाला सांगितलाय याची मोजदाद नाही. ३ बाद ३४. मग अठरा वर्षांचा सचिन आणि वेंगसरकर. सचिनने जे मारलं त्याने माझी पेन्सिल मागे पडायला लागली. तुम्ही शेजारून आकडे बोलत होतात आणि मी नुसती लिहीत होते. ९६ वर तो गेला. मग एकेक जण जात राहिला आणि नववा गडी पडला तेव्हा आपल्याला पन्नास हव्या होत्या. लोक उठायला लागले. मीही उठले, तर तुम्ही हात धरून खाली बसवलंत.

वेंगसरकरांच्या पायांत गोळे आले होते, त्यांच्यासाठी लालचंद राजपूत पळत होते. समोर शेवटचा खेळाडू ॲबी कुरुविला. ते दोघं एकेक धाव जमवत गेले आणि गेलेले लोक परत येऊन उभे राहिले. चाळीस, तीस, दहा. जिंकायला तीन राहिल्या. मग धावताना गोंधळ झाला आणि कुरुविला धावचीत. ३५२. वेंगसरकर नाबाद १३९, आणि ते रडत होते. इतका मोठा माणूस मैदानात सगळ्यांसमोर रडताना मी पहिल्यांदा बघितला.

मी वही मिटली. तुम्ही ती माझ्या मांडीवर परत उघडलीत. "निकाल राहिला लिहायचा." मी नाही म्हटलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, वहीही ओढून घेतली नाहीत. स्टँड रिकामा होईपर्यंत पेन्सिल माझ्यासमोर धरून बसलात. शेवटी मी लिहिलं, "हरियाणा २ धावांनी विजयी." त्यातला "विजयी" कागद फाटेल इतका दाबून लिहिलाय. पान उलटलं तर मागून बोटाला लागतो, अजूनही.

मला वाटलं होतं, त्या संध्याकाळी बाबांना खोटं सांगायचं. जिंकलो म्हणून. आजारी माणसाला कशाला हरल्याचं सांगा? जिन्यात तुम्हाला तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "पाच दिवस खरं वाचलंस, आज का नाही?" मी वाचलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "वेंगसरकर आउट झाला नाही ना?" म्हटलं, नाही, नाबाद. "मग झालं तर," म्हणाले, आणि आईकडे वळून पेज मागितली.

बाबा त्यानंतर एकवीस वर्षं जगले. भारत हरला तर ते पेपर बाजूला ठेवायचे. मुंबई हरली तर माझ्याकडे बघायचे. भारताचा संघ सगळ्यांचा, त्याच्यावर माझंही प्रेम आहे. आयपीएलमध्ये खेळाडू दरवर्षी इकडून तिकडे जातात, तेही बघते. पण मुंबईचा संघ मला त्या स्टुलावर मिळाला. बाबांशी बोलायला शब्द नव्हते तेव्हा त्या संघाने ते पुरवले.

आणि मग पुढे काय काय झालं! १९९४ मध्ये अमोल मुजुमदारने पदार्पणात २६० काढल्या आणि त्याही हरियाणाविरुद्ध, तेव्हा तुम्ही पेपर घेऊन तिसऱ्या मजल्यावर धावत आलात. शाळेच्या सामन्यात सचिन-कांबळींची ६६४ ची भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा. त्याच्याच कप्तानीत २००७ च्या उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबई शून्यावर पाच बाद होती. मी नागपुरातून घाबरून तुम्हाला फोन लावला. तुम्ही एवढंच म्हणालात, "वही काढ." सामना आपण जिंकलो आणि वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही. मुजुमदार ११ हजारांवर धावा काढून भारताकडून कधीच खेळला नाही, शिवलकरांसारखाच. पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक म्हणून तो मैदानात होता. मी टीव्हीसमोर उभी राहून रडले. मला आपल्या मजल्यावरच्या बायका आठवल्या. मुलगी काय करणार तिथे?

माझी लेक नागपूरची. ती विदर्भाची, अगदी कट्टर. मार्च २०२४ ला फायनल मुंबई-विदर्भ, आणि तीही वानखेडेवर, म्हणून तिला घेऊन आले. ती बारा वर्षांची. विदर्भासमोर ५३८ चं लक्ष्य होतं, पण पाचव्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी जेवणापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. लेक एकेक धावेला उडत होती. मग वाडकर शतक करून गेला आणि १५ धावांत पाच गडी संपले. शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीने शेवटचा गडी घेतला, मुंबईचा बेचाळिसावा करंडक. मी उभी राहून ओरडले आणि शेजारी बघितलं. ती वही मिटून बसली होती.

मी तिच्या मांडीवर ती उघडली. पेन्सिल समोर धरली आणि बसून राहिले. तुमच्याइतका धीर मला नाही, दोनदा बोलावंसं वाटलं, पण नाही बोलले. तिने लिहिलं, "मुंबई १६९ धावांनी विजयी." पुढच्याच मोसमात नागपुरात विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं, तेव्हा पेन्सिल तिने माझ्यासमोर धरली.

अण्णा, त्या पाच दिवसांच्या रजेबद्दल आभार. डब्यातली बटाट्याची भाजी अर्धी काढून माझ्या पोळीवर ठेवायचात, त्याबद्दल. हात धरून खाली बसवलंत त्याबद्दल. आणि सगळ्यात जास्त त्या स्टुलाबद्दल.

तुमचा नातू म्हणाला, आता तुम्हाला टीव्हीवरचा चेंडू दिसत नाही, म्हणून सामने लावणं तुम्ही बंद केलंत. असं करू नका. मुंबईचा घरचा पुढचा सामना लागला की चार दिवस मी येते. तुम्ही खुर्चीत बसा, डोळे मिटा. मी शेजारी स्टूल घेईन आणि चेंडू न चेंडू सांगेन. टिंबंसुद्धा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोर