झाडावरचा मांजा कुजणार नाही, उतरवावाच लागेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांत सरली तशा नायलॉन मांजाच्या बातम्याही बंद झाल्या. आमच्या सहकारनगरमधल्या पर्जन्यवृक्षावर मात्र तो अजून लोंबतोय. परवा त्यात एक घार पंख अडकून उलटी टांगली गेली. अग्निशमन दलाच्या जवानांनी शिडी लावून तिला सोडवलं, त्यांचे मनापासून आभार.

माझी नोकरी पिंपरीच्या एका नायलॉन धाग्याच्या कारखान्यात, स्पिनिंग म्हणजे धागा काढण्याच्या खात्यात झाली. त्यामुळे ‘काच लावतात म्हणून हा मांजा घातक’ एवढंच कुणी म्हणालं की राहवत नाही. काच तर सुती मांजालाही लावतात, आणि तोही निरुपद्रवी नाहीच. खरी गोम दोऱ्याच्या घडणीत आहे.

नायलॉन ६ हा नायलॉनचा प्रकार कॅप्रोलॅक्टम या रसायनापासून बनतो. त्याच्या चिप्स म्हणजे बारीक दाणे आधी खडखडीत वाळवायच्या. ओल राहिली तर धागा तुटलाच म्हणून समजा. साधारण २२० अंशांना वितळणारा हा माल त्याहून बराच तापवून स्पिनरेट नावाच्या तबकडीच्या बारीक भोकांतून दाबून काढतात. कापडाचा धागा हवेवर थंड होतो, मांजासारखी जाड एकेरी तार पाण्यात. इथवर तो लेचापेचाच असतो. जोर येतो तो ड्रॉइंगमध्ये, म्हणजे धागा ताणताना. पुढचा रोलर मागच्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, धागा तीन-चार पट ओढला जातो, आणि आतले वेडेवाकडे रेणू सरळ होऊन एकमेकांना घट्ट धरतात. टायर, पॅराशूट, मासेमारीची जाळी यांसाठी ही ताकद मुद्दाम आणलेली असते. सूत सहा-सात टक्के ताणलं की तुटतं. असा नायलॉन पंधरा-वीस टक्के ताण सोसतो. उड्डाणपुलावर तो गळ्याशी आडवा आला तर तुटत नाही, रुतत जातो. सुती दोरा पावसात कुजून जातो. नायलॉनला कीड नाही, बुरशी नाही. उन्हाने कमजोर होतो, पण फार सावकाश.

‘सुतीच आहे’ असं दुकानदार सांगतात. पालकांनी बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावावी. सूत जळून त्याची मऊ राख होते. झाडावरून काढलेला तुकडा मी पेटवला तर तो आक्रसला आणि टोकाला टणक मणी झाला. गरम असतानाच काडीने ओढल्यावर त्यातून नवा तंतू निघाला! हे नायलॉन किंवा तसंच दुसरं प्लॅस्टिक, एवढं नक्की.

राष्ट्रीय हरित लवादाची बंदी २०१७ पासून आहे, ती हवीच. पण आधीच अडकलेल्या दोऱ्याचं काय? पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची शिडीगाडी पालिकेने यंदा फेब्रुवारीतच फिरवावी, कावळे घरट्यांसाठी काड्या-तारा गोळा करायला लागण्याआधी. आणि उतरवलेला ढीग कृपया पेटवू नये, नायलॉनच्या धुरात विषारी वायू असतात. कात्रीने बारीक तुकडे करून तो सुक्या कचऱ्यात द्यावा.

आपला,
एक निवृत्त कामगार, सहकारनगर, पुणे