बुधवारची बाळंतिणींची बैठक : आठवण

सर्व भगिनींना नमस्कार. येत्या बुधवारी दुपारी ३ वाजता अंगणवाडीत बाळाला अंगावर पाजण्याबद्दल बैठक आहे. येळ्ळूर, वडगावकडच्या मैत्रिणींनीही यावं.

गेल्या आठवड्यात एका घरी गेले होते. चार दिवसांची बाळंतीण, छाती दगडासारखी घट्ट, उशाशी साखरपाण्याची वाटी. पहिला पिवळसर चीक 'बाळाला जड पडेल' म्हणून पिळून टाकलेला. जीव तुटला हो. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. जन्मल्यावर तासाभरात पोटात जायला हवा. पुढे ६ महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नको. मध तर वर्षभर चाटवूच नका.

बाळाच्या तोंडात नुसतं बोंड दिलं की चिरा पडतात. तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी छातीला टेकू द्या, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्या. हे बैठकीत बाळ हातात घेऊन दाखवू. दूध पुरतं का, अशी शंका असेल तर लंगोट मोजा : पहिल्या आठवड्यानंतर दिवस-रात्रीत ६ तरी ओले व्हावेत.

सासूबाईंना, आईला जरूर आणा. बाळंतिणीच्या खोलीत शब्द त्यांचाच चालतो. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं आई-बाळाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) बरोबर असू दे. कन्नड बोलणाऱ्या शेजारणींनाही सांगा, आशाताई दोन्ही भाषांत समजावतील.

छातीत गाठ, लाली किंवा ताप असेल तर बुधवारची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि पाजणं चालू ठेवा.